रीफर कंटेनरने रताळी दुबईला : आठ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरपासून जूनपर्यंत आमचे सहा रीफर कंटेनर (म्हणजे गार ठेवायचं मशीन बसवलेले) गेले, चार रताळ्यांचे आणि दोन फ्रोझन भेंडी-मक्याचे, सगळे मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदराला. गावात जो भेटतो तो एकच विचारतो, परवडतंय काय ओ? म्हणून एकदाच लिहून टाकतो, परत परत सांगून तोंड दुखालंय.

आम्ही बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले, उचगाव-बेक्किनकेरे बाजूचे, लाल माती, त्यामुळं रताळं आमच्याकडं नवीन नाही. मार्केट यार्डातून ट्रकच्या ट्रक दिल्लीकडं जातात, पोती टाकायची, ताडपत्री आवळायची, विषय संपला. पण भाव तिकडचा व्यापारी सांगेल तो. म्हणून आम्ही सहा जणांनी मिळून लायसन, अपेडाची (शेतमाल निर्यातीचं सरकारी खातं) नोंदणी वगैरे करून घेतली (त्याचं रडगाणं वेगळं, ते इथं नको) आणि चाळीस फुटी रीफर बुक केला.

पहिली चूक आमचीच. आम्हाला वाटलं रीफर म्हणजे मोठा फ्रिज, गरम माल आत टाकला की आपोआप गार होणार. ते मशीन मुळात गार माल गार ठेवायला केलेलं असतंय, शेतातला गरमा दोन हजार दोनशे बॉक्समधून ओढून काढायचा त्याचा आवाका नाही. आम्ही सकाळी काढलेली रताळी धुतली, अर्धवट वाळवली आणि दुपारी उन्हातच भरली. समोरच्या डिस्प्लेवर दोन आकडे दिसतात, एक आत सोडलेल्या हवेचा, एक माल फिरून परत आलेल्या हवेचा. आत जाणारी हवा १३ आणि परत येणारी २६, आणि ती खाली यायला चार दिवस लागले. चार दिवस ओलं रताळं बंद डब्यात उकडत बसलं म्हणा की. तिकडं उघडल्यावर खालच्या थरातले बॉक्स बसलेले आणि कोपऱ्यांना पांढरी बुरशी. वर पुतण्यानं हौसेनं आतल्या लाल रेषेच्या वरपर्यंत चाळीस बॉक्स जादा चढवले होते, ती रेषा कशाला असते ते तेव्हा कळलं, हवा खालच्या पट्ट्यांतून येते आणि वरून परत जाते, वर जागाच ठेवली नाही तर ती जाणार कुठनं.

दुसऱ्या वेळी मात्र रीतसर केलं. रताळं काढल्यावर धुवायचं नाही, शेडमध्ये ताडपत्र्या लावून साधारण ३० डिग्री आणि भरपूर दमट हवेत पाच-सहा दिवस ठेवायचं, म्हणजे कुदळीच्या, ओरखड्याच्या जखमा भरतात आणि साल घट्ट होते. पॅकिंगच्या मावश्या हसायला लागल्या, "काय रे, मातीसकट पाठवतोस काय दुबईला?" मातीसकट नाही मावशी, माती असली तर फायटोचा, म्हणजे मालात कीड-रोग नाही म्हणून सरकार देतंय तो, कागदच मिळत नाही, फक्त धुणं शेवटी, भरायच्या आदल्या दिवशी, आणि नीट वाळवून. मग रात्रभर गार खोलीत आणि पहाटे पाचला भरणी. तो कंटेनर एक नंबर गेला. खरेदीदारानं स्वतःहून व्हिडिओ कॉल केला, असं ह्या धंद्यात फार वेळा होत नाही.

आणि म्हणूनच तिसऱ्याला माजलो. बुकिंगवाला पोरगा बागलकोट बाजूचा, मराठी समजतंय पण बोलताना अडखळतो, मग मी आपलं कन्नड दाखवायला गेलो. यार्डात हमालांचा कालवा, ट्रॅक्टर चालू, आणि मी फोनवर म्हणालो "हदिमूरु डिग्री री". हदिमूरु म्हणजे तेरा. त्यातलं हदि गेलं ट्रॅक्टरखाली, त्याला ऐकू आलं मूरु. मूरु म्हणजे तीन. त्यानं +३ टाईप केलं, मेलवर कन्फर्मेशन आलं, मी बोटीची तारीख बघितली आणि मोबाईल खिशात घातला. डेपोतनं +३ लावून आला, पोर्टात +३ वर प्लग झाला, बोटीवर +३. कुणी टोकणार कसं, कागदावर तेच होतं ना.

बाहेरून रताळं इतकं सुंदर दिसत होतं की विचारू नका. खरेदीदारानं मला कॅमेऱ्यासमोर एक उकडून दाखवलं, सुरी लावली, कडेनं मऊ मऊ आणि मध्ये लिंबाएवढा गड्डा कच्च्या सुपारीसारखा. आणखी अर्धा तास उकडलं, गड्डा तसाच. रताळं १२-१३ डिग्रीच्या खाली बरेच दिवस राहिलं की आतून असं मरतं, मग कितीबी शिजवा. लोकांना वाटतं जितकं गार तितकं चांगलं, पण रताळ्याला बटाट्याएवढी पण थंडी सोसत नाही. क्लेमसाठी शिपिंग लाईनकडं मशीनची नोंद मागितली, त्यांनी लगेच दिली, तासातासाला ३, एकदम सरळ रेष, यांचं मशीन इतकं चोख चाललेलं बघून आणखीनच राग आला. क्लेम फेटाळला आणि बरोबर फेटाळला. बुकिंगवाल्यानं पुढच्या खेपेला पैसे थोडे कमी लावले, तेवढंच. आता मेलवर आकडा, अक्षरात तेरा, पुढं अधिकचं चिन्ह, आणि हवेची झडप उघडी की बंद तेही लिहितो. ती समोरची गोल चकती, ताज्या मालाला उघडी पाहिजे कारण रताळं श्वास घेतंय, फ्रोझनला बंद. चौथ्या वेळी ड्रायव्हरनं आपल्या मनानं बंद केली होती, पावसाचं पाणी जाईल म्हणून, नशीब निघायच्या आधी दिसली.

फ्रोझनचं त्या मानानं सोपं. दुसऱ्याच्या प्लांटमध्ये गोठवून घेतो, उणे १८, आणि बॉक्स एकमेकांना चिकटवून ठोकळ्यासारखे भरायचे, इथं हवा मालातून नाही मालाभोवतीनं फिरते. रताळ्याचे बॉक्स भोकाला भोक जुळवून, फ्रोझनचे बिनभोकाचे, दोन्हीची पद्धत उलटी. एक गोष्ट मात्र पक्की, दार उघडं असताना मशीन बंद ठेवा. जूनमध्ये खानापूरकडचा पाऊस माहिताय, हवा पिळली तर पाणी निघंल, मशीन चालू ठेवून भरलं तर ती सगळी वाफ आतल्या कॉईलवर बर्फ होऊन बसते. आम्ही बंद करून पाऊण तासात भरलं, बारा माणसं लावून.

खर्चाचं म्हणाल तर बोटीपेक्षा रस्ता बोचतो. रिकामा रीफर न्हावा शेवाहून पाचशे किलोमीटर वर येणार, भरून तेवढाच खाली जाणार, दोन्हीचं भाडं आपलंच, वर जनसेटचं, म्हणजे रस्त्यात मशीन चालवणाऱ्या जनरेटरचं, डिझेल वेगळं. कागल ते सातारा सहापदरीचं काम तेव्हा चालू होतं, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, एकदा गेट बंद व्हायच्या वेळेनंतर दोन तासांनी पोचलो आणि बोट गेली. मग पुढच्या बोटीपर्यंत पोर्टात मशीन लाईटवर चालवायचा रोजचा प्लगचा चार्ज. गोवा एवढं जवळ, चोर्ल्यातनं तीन-साडेतीन तास, पण आम्हाला हव्या त्या आठवड्यात तिथं रीफर मिळाला नाही, दोनदा प्रयत्न केला. इन्शुरन्स काढलाय, पण उशिरामुळं खराब झालेला माल आमच्या पॉलिसीत धरत नाहीत, आणि आमचं निम्मं नुकसान उशिरानंच होतं. काढताना ते वाचून घ्या, एजंट सांगत नाही.

लंडनची पण विचारणा आली होती, नाही म्हणालो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं २०२३ च्या शेवटापासून बोटी आफ्रिकेला वळसा घालायला लागल्या, दहा-पंधरा दिवस जादा. आमच्या शेडपासून दुबईच्या गोडाऊनपर्यंतच बारा-चौदा दिवस जातात, तेवढ्यातच माझा जीव टांगलेला असतो.

एक सुचवतो, आत स्वतःचे दोन टेंपरेचर लॉगर (तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र) टाका, एक मध्ये, एक दाराजवळ. दाराजवळचा नेहमी दोन-तीन डिग्री जास्त दाखवतो, तिथं नाजूक माल ठेवू नका. तिकडच्या माणसाला आधी सांगून ठेवा, पहिल्या वेळी त्यांनी लॉगर कचऱ्यात टाकला.

पाचपैकी किती म्हणाल तर मशीनला साडेचार, रस्त्याला दोन, मला दीड. सहामध्ये दोन कंटेनर तोट्यात, एक कसाबसा, तीन चांगले. निम्मा माल दिल्लीलाच देत राहणार, ते पैसे आठवड्यात हातात येतात, दुबईचे दीड महिन्यानं. ऑक्टोबरात परत चालू करतोय, आमच्या भागातलं कोण येणार असेल तर गणपतीच्या आधी सांगा, शेडच्या ताडपत्र्या तेव्हाच घेणार आहे आणि यंदा मोठी शेड लागणार.