जुन्या घरातील स्टीम हीटिंग: एअर व्हेंट कोणता घ्यावा?

न्यू जर्सीत किंवा शिकागोच्या आसपास शंभरेक वर्षे जुने घर घेतले की पहिल्याच हिवाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. बैठकीच्या खोलीत घाम फुटतो आणि माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत मात्र रेडिएटरच्या पहिल्या दोन पाकळ्याच कोमट असतात. अशा वेळी बॉयलर बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. माझ्या मते त्याआधी एअर व्हेंट तपासावेत. रेडिएटरच्या पायाशी एकच पाइप आणि विरुद्ध टोकाला उभी, चंदेरी डबी (हाच एअर व्हेंट) असेल, तर पुढील तुलना आपल्या घराला लागू पडते. दोन पाइपांच्या रेडिएटरची गोष्ट वेगळी आहे.

बॉयलर थंडावला की पाइप आणि रेडिएटर हवेने भरतात आणि पुढच्या खेपेस ही हवा बाहेर पडल्याशिवाय वाफेला आत शिरता येत नाही. व्हेंट हवेला वाट देतो आणि वाफेची ऊब लागताच मिटतो. त्यामुळे निवड करायची ती मुख्यतः हवा किती वेगाने सोडायची याची.

सुरुवात मात्र बेसमेंटमधील मेन पाइपपासून, म्हणजे बॉयलरची वाफ रेडिएटरांकडे नेणाऱ्या मुख्य पाइपापासून करावी. 2 इंची, 40 फूट लांब पाइपात जवळजवळ 1 घनफूट हवा असते. ती मेन व्हेंटमधून, म्हणजे याच पाइपावरील व्हेंटमधून गेली नाही, तर रेडिएटरच्या इवल्याशा छिद्रांतून जाते आणि बॉयलरजवळची खोली दूरच्या खोलीच्या कितीतरी आधी तापते. येथे जितका वेगवान व्हेंट तितका चांगला. गॉर्टन या कंपनीचा क्रमांक 2 हा साधारण तीन क्रमांक 1 इतकी हवा सोडतो. पण तो उंच असतो आणि जुन्या बेसमेंटमध्ये तुळयांखाली तेवढी जागा नसते. तसे असेल तर एका आडव्या पाइपावर दोन-तीन लहान व्हेंट ओळीने बसवून घ्यावेत. आमच्या घरी मेन व्हेंटवर रंगाचे इतके थर चढले होते की तो व्हेंट आहे हेच आधीच्या प्लंबरच्या ध्यानात आले नव्हते. तो बदलल्यावर पाइपावर हात ठेवून वाफेची वाटचाल अजमावली, तेव्हा शेवटचे टोक पूर्वीपेक्षा बरेच लवकर चटका देऊ लागले होते.

खरा प्रश्न रेडिएटरवरील व्हेंटचा आहे. ठरीव वेगाच्या व्हेंटमध्ये गॉर्टनची मालिका 4, 5, 6, सी आणि डी अशी मंदाकडून वेगवानाकडे जाते, तर हॉफमन कंपनीचा हॉफमन 40 हा मंद गतीचा व्हेंट आहे. फिरवून वेग बदलता येणाऱ्यांत हॉफमन 1ए आणि व्हेंट-राइट 1 हे परिचित आहेत. दुकानात दुसरा प्रकार मोह घालतो, कारण चुकले तर फिरवून दुरुस्त करता येते. व्यवहारात मात्र तो मुले फिरवतात, पाहुणे फिरवतात, आणि महिनाभराने कोणता आकडा चांगला होता हे कुणालाच आठवत नाही. खोलीची गरज एकदा कळली की ठरीव व्हेंट बसवून विसरून जाता येते, म्हणून माझा कौल त्यालाच आहे. मेड-ओ-मिस्टच्या व्हेंटमध्ये छिद्राचा लहानसा तुकडा बदलून वेग बदलता येतो. प्रयोग करायचेच असतील तर हा मध्यम मार्ग बरा.

थर्मोस्टॅट (खोलीच्या तापमानानुसार बॉयलर चालू-बंद करणारे उपकरण) असलेल्या खोलीत मंद, दूरच्या किंवा मोठ्या रेडिएटरवर वेगवान, हा क्रम बहुतेक घरांत चालतो. मात्र थंड खोलीत सरसकट डी बसवू नये. वाफ फार जोराने शिरली की परतीचे पाणी त्याच पाइपात अडते, गुडगुड ऐकू येते आणि व्हेंट पाणी थुंकू लागतो.

एखादी खोली कायमच फार तापत असेल, तर व्हेंट आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसणारा थर्मोस्टॅटिक झडपेचा प्रकार घ्यावा. वाफेने भरलेला रेडिएटर तो थांबवू शकत नाही; पुढच्या खेपेस हवा अडवून वाफेला बाहेर ठेवतो. थर्मोस्टॅटच्या खोलीत मात्र तो कधीही बसवू नये. पायाशी असलेली मोठी झडपही अर्धवट मिटून ऊब कमी करता येत नाही, कारण वाफ आणि पाणी दोन्ही तिच्यातूनच जातात.

आणखी एक गैरसमज दाबाचा. आपला प्रेशर कुकर साधारण 15 पीएसआयवर (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) शिट्टी देतो, म्हणून वाफ म्हणजे जोर असे वाटते. घराला 2 पीएसआयसुद्धा पुष्कळ होतात. बॉयलरचा दाब वाढवला तर नवे व्हेंट लवकर निकामी होतात. जुना व्हेंट टाकण्यापूर्वी तो थंड असताना काढून उभा धरावा आणि फुंकून पाहावे: हवा जात नसेल तर तो बंद पडला आहे. व्हिनेगरमध्ये उकळून कधी कधी तो सुधारतो. नवे व्हेंट घेताना सगळे एकदम बदलू नयेत. एका रेडिएटरवर बदल करून दोन-तीन कडक थंडीचे दिवस जाऊ द्यावेत, आणि मगच पुढच्या खोलीकडे वळावे.