इंटरफेरॉन-गॅमा एलिस्पॉट किट: ठिपके चोख, कंट्रोल अपुरे

कर्करुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याच्याच गाठीतल्या पेशींना ओळखतात का, हे बघायला आमच्या प्रयोगशाळेत हल्ली इंटरफेरॉन-गॅमा एलिस्पॉट किट असतं. 96 वेलची, म्हणजे छोट्या खळग्यांची प्लेट, इंटरफेरॉन धरणारी अँटिबॉडी तळाच्या पडद्यावर आधीच लावलेली. साध्या प्लेटचा पडदा 35 टक्के अल्कोहोलनं भिजवा, मिनिटाच्या आत धुवून काढा, मग रात्रभर अँटिबॉडी लावून ठेवा, ही सगळी कटकट यात नाही. तेवढ्यावरच मी निम्मे गुण दिले.

वेलमागे रक्तातल्या दोन-तीन लाख पांढऱ्या पेशी घालायच्या, सोबत रेडिएशननं वाढ थांबवलेल्या गाठीच्या पेशी, आणि प्लेट रात्रभर 37 अंशांवर. जिला गाठ ओळखू येते ती टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा प्रथिनरूपी संदेश सोडते, तो तिच्या बुडाशीच पडद्यावर धरला जातो, आणि दुसऱ्या दिवशी रंग चढवला की तिथे निळा-जांभळा ठिपका उमटतो. लाखात दहा-वीस पेशी जाग्या असल्या तरी दिसतात. मेलेल्या पेशींतून गळणारं किरणोत्सर्गी क्रोमियम-51 मोजायच्या जुन्या चाचणीत एवढ्या थोड्या पेशी हाती लागत नसत, वर किरणोत्सर्गी कचरा सांभाळा. ठिपके या किटमध्ये खरंच सुबक येतात, कडा स्पष्ट, मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे रीडरला, सोपे. मात्र रात्री कुणी प्लेट हलवली की त्यांना शेपट्या फुटतात. इन्क्युबेटरवर चिठ्ठी लावा, आणि तरीही दार उघडणाऱ्यावर नजर ठेवा. प्लेटखालचं प्लास्टिक काढून पडदा मागूनही धुवायचा असतो. ते प्लास्टिक इतकं घट्ट बसवलंय की नखं तुटतात.

माझी खरी तक्रार कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या वेलबद्दल आहे. पॉझिटिव्हला सगळ्याच टी-पेशींना चेतवणारी अँटी-सीडी3 अँटिबॉडी दिलीय, उत्तम. निगेटिव्हला मात्र नुसतं पेशी वाढवायचं माध्यम. विषाणूच्या पेप्टाइडसाठी (प्रथिनाच्या तुकड्यासाठी) तेवढं पुरतं, गाठीच्या पेशींसाठी नाही. या पेशी बहुतेक वेळा वासराच्या रक्तातून काढलेल्या सीरममध्ये वाढवलेल्या असतात, आणि माणसाच्या टी-पेशी त्या परक्या प्रथिनांवरही खुशाल चवताळतात. ठिपके येतात, सगळे खूश, आणि प्रतिसाद असतो गाईला! म्हणून त्याच रुग्णाच्या निरोगी पेशी (आम्ही ईबीव्ही या विषाणूनं अमर केलेल्या बी-पेशी वापरतो) त्याच सीरममध्ये वाढवून शेजारच्या वेलमध्ये हव्यातच. नुसत्या गाठीच्या पेशींचा वेल हवा. डब्ल्यू6/32 ही अँटिबॉडी घालून एचएलए (पेशीवरचे, टी-पेशींना ओळख पटवणारे रेणू) झाकलेला वेलही हवा. तिथे ठिपके घटले तरच सीडी8 पेशींचं, म्हणजे मारणाऱ्या टी-पेशींचं, काम म्हणता येतं.

हे मी उगाच ताणत नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सिॲटलच्या हेलस्ट्रॉम दांपत्यानं रुग्णांच्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशी) त्यांच्याच गाठीच्या पेशींना रोखतात असं दाखवलं, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पुढे अशा चाचण्यांत निरोगी माणसांच्या लिम्फोसाइटही गाठीच्या पेशी मारताना दिसू लागल्या. ज्याला सगळे पार्श्वभूमीचा गोंधळ म्हणत होते, त्यातूनच 1975 च्या सुमारास आधीची ओळख नसतानाही मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी सापडल्या. शून्य यायला हवा तो वेल नीट वाचला की काय हाती लागतं, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. किटच्या पत्रकात मात्र या कंट्रोलांबद्दल एक ओळ नाही.

शिवाय ठिपका म्हणजे पेशीनं इंटरफेरॉन सोडला, एवढंच. तिनं गाठीची पेशी मारली की नाही, ते हे किट सांगत नाही. आणि शरीरातल्या गाठीनं एचएलए टाकून दिलं असेल तर रक्तातल्या ठिपक्यांचा तिला काही फरक पडत नाही. अहवालात ‘प्रतिसाद आढळला’ लिहिताना मी हात आखडताच घेते. कुणी या आकड्यावर उपचार ठरवायला निघालं तर सरळ नाही म्हणते.

पाचपैकी साडेतीन. गाठीच्या पेशी स्वतः वाढवता येत असतील तर जरूर घ्या, आणि मिळाली तर आठ-आठ वेलच्या सुट्या पट्ट्यांची प्लेट घ्या. बायोप्सीचा तुकडा इवलासा असला की अख्खी प्लेट भरत नाही, आणि उरलेली ओली झालेली प्लेट पुन्हा वापरता येत नाही.