लेखनाला चालना देणारा पंचेंद्रियांचा संच: वास नेमके, ध्वनी बेताचे

छोटे ललित लेख लिहू पाहणाऱ्यांसाठी तयार केलेल्या या संचात वासाच्या लहान कुप्या, निरनिराळ्या पोतांचे तुकडे, काही ध्वनिमुद्रणे आणि सूचनांची कार्डे आहेत. प्रत्येक कार्डाची मागणी साधारण एकच असते: समोरची वस्तू आधी हुंगा, चाचपा किंवा ऐका आणि मग दहा मिनिटे हात न थांबवता लिहा, मात्र ‘सुंदर’, ‘छान’, ‘प्रसन्न’ अशी विशेषणे वापरू नका. ही अट वरवर शाळकरी वाटली, तरी संचाचे निम्मे यश तिच्यातच आहे, कारण विशेषण हाताशी नसले की लिहिणाऱ्याला त्या वस्तूकडे पुन्हा वळावेच लागते.

सर्वांत सरस विभाग वासांचा. इतर संवेदना आधी थॅलॅमस या मेंदूतल्या वाटप-केंद्रामार्गे जातात. गंधाची संवेदना मात्र भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांपर्यंत बरीच थेट पोहोचते, आणि कार्डांची आखणी हे जाणून केलेली दिसते. लोखंडी किल्लीचेच कार्ड पाहा. किल्ली मुठीत घट्ट धरून मग तळहात हुंगायला सांगितले आहे. मागच्या बाजूला टीप आहे की, हा वास मुख्यत्वे लोखंडाचा नसून त्याच्या स्पर्शाने त्वचेवरील स्निग्धांशात होणाऱ्या रासायनिक बदलाचा, म्हणजे एका अर्थी आपलाच असतो. एवढ्या माहितीने विषयच पालटतो. मी कुलपाविषयी लिहायला बसलो होतो. कागदावर उतरले ते ती किल्ली सांभाळणाऱ्या हातांविषयी.

ध्वनिमुद्रणांनी मात्र निराशा केली. पाऊस, लाटा, पाखरे हे सारे इतके स्वच्छ मुद्रित केले आहे की ते कुणाच्याच आठवणीतले वाटत नाही. आठवणीतला पाऊस पत्र्यावर, छत्रीवर, नाही तर बंद खिडकीपलीकडे पडत असतो. चवीचा विभाग थोडक्यात उरकला आहे, त्याविषयी तक्रार नाही.

खरी उणीव पुढच्या टप्प्यावर जाणवते. संच तपशील भरभरून मिळवून देतो, पण पाचशे-सहाशे शब्दांच्या लेखात त्यांतले कोणते ठेवावेत, याविषयी गप्प राहतो; त्यामुळे पहिल्या खर्ड्यात पाचही इंद्रिये हजेरी लावून जातात आणि लेख मात्र कशाविषयी आहे ते कळत नाही. जिथे लिहिताना आपण स्वतः अडखळलो तो तपशील धरून बाकीचे खोडावेत, असे सांगणारे एखादे पुनर्लेखनाचे कार्ड हवे होते. नवोदितांनी संच जरूर घ्यावा. नियमित लिहिणाऱ्यांना वासाच्या कुप्या तेवढ्या उपयोगी पडतील, आणि त्या सुट्या मिळत असत्या, तर मी त्यांना तेवढ्याच सुचवल्या असत्या.