पिन ० मोकळी करायची: सीरियल बंद, की फक्त रिसीव्हर?
आर्डुइनो ऊनो (आर३) या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर सीरियलमधून, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलायच्या जोडणीतून, नुसतं प्रिंटच करायचं असेल, तर पिन ० उगाच अडकून पडते, कारण पिन ० डेटा घेणाऱ्या रिसीव्हरची आणि पिन १ डेटा पाठवण्याची. ‘सीरियल.एंड()’ लिहिलं की पिन ० आणि १ दोन्ही मोकळ्या, पण डीबगिंगचे (चुका शोधायचे) मेसेजही गेले. त्यापेक्षा यूसीएसआर०बी या रजिस्टरमधला (चिपमधल्या सेटिंगच्या जागेतला) आरएक्सईएन० हा रिसीव्हर चालू-बंद करणारा एकच बिट शून्य करा: रिसीव्हर बंद, पिन ० हाताशी, प्रिंट चालूच. मी हाच मार्ग धरेन. ही ओळ मात्र ‘सीरियल.बिगिन()’च्या खाली हवी, कारण तो बिट तिथेच चालू होतो.

मार्ग कुठलाही घ्या, बोर्डावरची यूएसबी चिप १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पिन ० ला जोडलेलीच राहते. त्यामुळे तिथे कमकुवत सिग्नलचा सेन्सर नकोच. अपलोडच्या वेळी जोडलेलं सर्किट ती लाइन खाली ओढत असेल, तर अपलोडही फसतो.