कॅल्शियम आणि पेशीचं मरण: नेक्रोसिस की अपॉप्टोसिस?
नेक्रोसिस म्हणजे इजा होऊन पेशीचं फुटून मरणं, अपॉप्टोसिस म्हणजे पेशीचं ठरवून, शिस्तीत मरणं. दोन्हीकडे कॅल्शियमचा हात असतो म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, पण तसं नाहीये. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर आणि बाहेर १ ते २ मिलीमोलर, म्हणजे जवळपास १०,००० पट फरक, आणि हा फरक टिकवायला कॅल्शियम बाहेर टाकणाऱ्या पंपांना सतत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं.

नेक्रोसिसमध्ये नेमकं तेच संपतं. रक्तपुरवठा तुटला की एटीपी घसरतं, पंप बंद पडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि मग कॅल्पेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम पेशीचा सांगाडा तोडतं, फॉस्फोलायपेज हे दुसरं एन्झाइम पडदा कुरतडतं, मायटोकॉन्ड्रिया (एटीपी बनवणारी पेशीची ऊर्जाघरं) कॅल्शियम पिऊन पिऊन फुगतात, त्यांच्यातलं छिद्र उघडतं आणि उरलंसुरलं एटीपीही जातं. हृदयाच्या पेशीत तर रक्त परत सुरू झाल्यावरच हे जोरात होतं, स्नायूचे तंतू इतके आवळतात की सूक्ष्मदर्शकाखाली गडद आडवे पट्टे दिसतात. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त चटका लावते, कारण रक्त तर परत आणावंच लागतं ना!

अपॉप्टोसिसमध्ये पूर येत नाही. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारातून थोडं थोडं कॅल्शियम शेजारच्या मायटोकॉन्ड्रियात जातं, तिथलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं, पेशी आतून मोडणारी कॅस्पेज एन्झाइम्स कामाला लागतात. पडदा शाबूत राहतो त्यामुळे आजूबाजूला सूजही फारशी नाही. यालाही एटीपी लागतं बरं का, म्हणून माझ्या मते खरा फरक कॅल्शियम किती वाढलं एवढाच नसून तेव्हा पेशीकडे एटीपी किती शिल्लक होतं हा आहे.