पहिली तबकडी कोणती? रेडिओहेडच्या तीन अल्बमांची तुलना

माझ्या भाच्याने आजोबांचा माळ्यावर पडलेला रेकॉर्ड प्लेअर खाली उतरवला, शाहूपुरीतल्या एका कारागिराकडून तो चालता करून घेतला आणि एका तबकडीपुरते पैसे जमल्यावर मला विचारले, "मामा, रेडिओहेडचा एकच अल्बम घ्यायचा तर कोणता घेऊ?" निवड त्याने स्वतःच तीन नावांवर आणून ठेवली होती: १९९७ चा 'ओके कंप्युटर', २००० चा 'किड ए' आणि २००७ चा 'इन रेनबोज'. वीस-बावीस वर्षे हा बँड ऐकत असूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. सर्वांत श्रेष्ठ कोणता, असे त्याने विचारले असते तर मी क्षणभरही थांबलो नसतो. पण त्याचा प्रश्न आधी कोणता ऐकावा असा होता, आणि या दोन प्रश्नांची माझी उत्तरे एक नाहीत.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड परगण्यात अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत १९८५ साली जमलेली पाच मुले, म्हणजे गायक थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन आणि फिल सेल्वे, आजही त्याच बँडमध्ये आहेत, ही गोष्ट रॉक संगीतात तशी दुर्मीळच म्हणावी लागेल. तिन्ही अल्बमांच्या ध्वनिमुद्रणामागे नायजेल गॉडरिच हा एकच निर्माता आहे. तिन्हींना सर्वोत्कृष्ट ऑल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळालेले असल्यामुळे पुरस्कार पाहून निवड करणाऱ्याला या बाबतीत काहीच हाती लागत नाही. 'क्रीप' या त्यांच्या १९९२ च्या गाण्यावरून जो या बँडकडे वळतो, त्याने मात्र आधीच समजून असावे की तसे गाणे या तिन्हींपैकी कशातही नाही.

'ओके कंप्युटर' मला मिळाला तो मित्राने पुण्याहून आणलेल्या नक्कल केलेल्या सीडीवर. तिच्यावर पेनाने लिहिलेली गाण्यांची नावे दोन ठिकाणी उलटसुलट झाली होती, त्यामुळे वर्षभर मी एका गाण्याला दुसऱ्याच्याच नावाने ओळखत होतो. शिक्षणासाठी पुण्याला असताना रात्रीच्या एसटीने कोल्हापूरला येताना कानांत हाच अल्बम असे, आणि आजही माझे मत आहे की तो महामार्गावर ऐकण्यासाठीच जन्माला आला आहे. पहिलेच गाणे, 'एअरबॅग', मोटार अपघातातून वाचलेल्या माणसाचे आहे. 'लेट डाउन'मध्ये वाहने, थांबणे, निघणे आणि या सगळ्यात माणसाचे हलके हलके क्षुद्र होत जाणे आहे. कराडच्या पुढे निम्मे प्रवासी झोपलेले असताना आणि समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे काचेवर फिरत असताना ते गाणे लागले, की त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नसे. याच गाण्यात जॉनी ग्रीनवुडची गिटार इतर वाद्यांहून निराळ्या मात्रांत चालते. ऐकताना ते लगेच उमगत नाही, फक्त काहीतरी सतत निसटते आहे असे वाटत राहते, आणि गाण्याच्या आशयाला ती निसटती जाणीव नेमकी पोषक ठरते.

हा अल्बम काही डिडकॉटजवळच्या बँडच्या सरावाच्या जागेत आणि बराचसा बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट नावाच्या जुन्या वाड्यात मुद्रित झाला. वाड्याच्या दालनांतली पोकळी तुम्हाला त्या गाण्यांत ऐकू येते. विशेषतः आवाज जिथे एकटा उरतो तिथे भिंती किती लांब आहेत हे कळते. साडेसहा मिनिटांचे 'पॅरानॉइड अँड्रॉइड' हे वेगवेगळ्या तुकड्यांचे गाणे असून त्याचा मधला संथ भाग आला की मूळ गाणे संपले असे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटते. 'नो सरप्रायझेस' अधिक गतीने वाजवून नंतर सावकाश केलेले आहे, आणि त्या अंगाई वाटणाऱ्या सुरांची पेंगुळलेली चाल त्यातूनच आली आहे. संगणकाच्या निर्जीव आवाजात म्हटलेले 'फिटर हॅपिअर' मात्र मी आजही पुष्कळदा वगळतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

या अल्बमची अडचण अशी की तो शब्दांवर बराच टेकलेला आहे. यॉर्कचे उच्चार मुळातच पुसट आणि मजकूर तुटक, त्यामुळे इंग्रजी कानाला सवयीचे नसेल तर निम्मा परिणाम बाहेरच राहतो. दुसरे म्हणजे गिटारींचे थर एकमेकांवर इतके दाट बसवलेले आहेत की लहान स्पीकरवर त्यांचा गोळा होतो. चांगला हेडफोन नसेल तर या अल्बमवर अन्याय होतो असे मी स्वानुभवाने म्हणू शकतो.

'किड ए'कडे वळताना मात्र कोल्हापूरच्या श्रोत्याजवळ एक भांडवल आहे, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब या गावात राहिले. त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीचे संस्कार देवल क्लबच्या मैफलींतून इथल्या कित्येक घरांत पोहोचले. आमच्या घरात ते वडिलांमुळे आले. लयीशी गुंतत जाणारी, ऐकणाऱ्याला सहजी हाती न लागणारी ती गायकी लहानपणी कंटाळत का होईना ज्याने ऐकली आहे, त्याला 'किड ए'चा दुरावा तितकासा परका वाटत नाही. पहिल्या 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस'चे आवर्तन दहा मात्रांचे आहे. विभागणी झपतालाची नव्हे, पण बोटांवर मोजत बसले की सम कुठे येते याचा शोध घेण्यात तोच आनंद मिळतो. त्याहून मोठी गोष्ट ओंद मार्तनो या वाद्याची. मोरिस मार्तनो या फ्रेंच वादकाने १९२८ साली जगापुढे आणलेल्या या विद्युत वाद्यात बोटातली अंगठी तारेवरून सरकवून स्वर काढता येतो, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात मींड घेत जाता येते, जे पेटीवर कधीही शक्य नाही. 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली'मध्ये जॉनी ग्रीनवुडने तंतुवाद्यांच्या समूहासोबत हे वाद्य वापरले आहे. माझ्या वडिलांना पाश्चात्त्य संगीताची मुळीच आवड नव्हती, तरी हे गाणे लागले असताना त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून, "हे काय वाजतंय रे?" असे विचारले होते.

मागच्या अल्बमचे यश आणि त्यानंतरचे लांबलचक दौरे यांनी यॉर्क इतका थकला होता की गिटारवर रचलेले गाणेच त्याला नकोसे झाले, आणि 'किड ए' करताना बँडमधल्या इतरांना आपण नेमके काय वाजवायचे हाच प्रश्न पडला. 'इडिओटेक'चा जन्म जॉनीने केलेल्या सुमारे पन्नास मिनिटांच्या ध्वनिप्रयोगातून यॉर्कने उचललेल्या एका छोट्याशा तुकड्यातून झाला, आणि त्या तुकड्यातले स्वरसमूह पॉल लान्स्की या अमेरिकी रचनाकाराच्या १९७३ च्या संगणकीय रचनेतले आहेत. 'द नॅशनल अँथम'च्या शेवटी फुंकवाद्यांचा जो गदारोळ होतो, त्याचे वर्णन मला एकाच प्रकारे करता येते: गणपतीच्या मिरवणुकीत मिरजकर तिकटीला दोन बँडपथके समोरासमोर आली आणि दोघांनीही थांबायचे नाकारले, तर जे होईल ते. हा अल्बम एकही सिंगल, म्हणजे सुटे गाणे, न काढता ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

इतके असूनही पहिली खरेदी म्हणून मी 'किड ए' सुचवणार नाही. त्याला एकांत लागतो आणि अंधार असला तर बरे. आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, दारातला भाजीवाला आणि शेजारच्या दूरदर्शन संचाचा आवाज यांच्यात 'ट्रीफिंगर्स'सारखा तुकडा, ज्यात ओब्रायनच्या गिटारीचे सूर यंत्रातून ताणून धुक्यासारखे केले आहेत, अक्षरशः ऐकूच येत नाही. शिवाय ज्याने या बँडला भरगच्च गिटारींत ऐकलेले नाही, त्याला गिटार बाजूला ठेवण्यातला धाडसीपणा कळणार तरी कसा?

'इन रेनबोज' आला तेव्हा राज्यात भारनियमन जोरात होते. ध्वनिमुद्रिका कंपनीशी असलेला जुना करार संपल्यानंतर बँडने जेमतेम दहा दिवस आधी घोषणा करून १० ऑक्टोबर २००७ रोजी तो आपल्याच संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. माझ्याजवळ क्रेडिट कार्ड नव्हते. राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत, वीज जाण्याच्या वेळेकडे डोळा ठेवून, मी किमतीच्या रकान्यात शून्य लिहिले आणि गाणी पेनड्राइव्हवर घेतली. ती १६० केबीपीएसची, म्हणजे बेताच्याच दर्जाची होती. त्या शून्याची टोचणी पुढे काही वर्षे राहिली, म्हणून पगार सुरू झाल्यावर मी तोच अल्बम दोनदा विकत घेतला, एकदा सीडी आणि एकदा तबकडी.

दहा गाणी आणि बेचाळीस मिनिटांचा हा अल्बम बाकी दोघांपेक्षा आटोपशीर आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात ऊब आहे. '१५ स्टेप' पाच मात्रांचे असूनही त्यावर पाय हलतो. मध्येच ऑक्सफर्डमधल्या एका संगीतशाळेतल्या मुलांचा जल्लोष येतो आणि हिशेब विसरायला होतो. 'न्यूड' हे गाणे 'ओके कंप्युटर'च्या काळापासून बँडजवळ पडून होते. दहा वर्षे मुरल्यावर ते कॉलिनच्या संथ बेस गिटारवर असे काही उभे राहिले आहे की यॉर्कच्या आवाजाला प्रथमच मोकळी जागा मिळाल्यासारखे वाटते. 'रेकनर'मध्ये झांजा आणि खुळखुळ्यांसारखा नाद सतत चालू राहतो आणि त्यावरून आवाज तरंगत जातो. भजनी मंडळाच्या टाळांची सवय असलेल्या कानाला त्यात काहीच अवघड वाटत नाही. दोष काढायचाच तर 'हाउस ऑफ कार्ड्स' मला रेंगाळल्यासारखे वाटते, आणि अल्बम म्हणून 'किड ए'ने जेवढी उडी मारली तेवढी इथे नाही.

तिघांना शेजारी ठेवून पाहिले तर फरक आवाजाच्या वापरात सर्वांत ठळक दिसतो. 'ओके कंप्युटर'मध्ये यॉर्क गातो आणि तक्रारही करतो, 'किड ए'मध्ये तो आपला आवाज यंत्रांतून तोडून-मोडून त्याचे वाद्य करून टाकतो, आणि 'इन रेनबोज'मध्ये तो कोणा एका माणसाजवळ बसून गातो आहे असे वाटते. तालाच्या बाबतीत पहिला सरळ वाटतो पण आतून गुंतलेला आहे, दुसरा उघडपणे अवघड आहे, तिसरा अवघड असूनही तसा जाणवत नाही. शब्दांवाचून कोणता सर्वाधिक पोहोचतो, असे विचारले तर मी तिसरा म्हणेन, आणि 'किड ए' त्याच्या फार मागे नाही. शब्दांसकट सर्वाधिक कोण देतो, तर पहिलाच.

तबकडीचा व्यवहारही पाहायला हवा. 'ओके कंप्युटर' आणि 'किड ए' दोन-दोन तबकड्यांवर मिळतात, म्हणजे एक अल्बम पुरा ऐकायचा तर तीनदा उठून बाजू बदलावी लागते. त्यात 'ओके कंप्युटर'चा प्रवाह, जो सलग ऐकण्यासाठीच बांधलेला आहे, तुटतो. 'इन रेनबोज'ची साधी आवृत्ती एकाच तबकडीवर आहे. पाच गाणी झाल्यावर 'फाउस्ट आर्प'ने दुसरी बाजू सुरू होते, आणि ती विश्रांती नेमक्या जागी पडते.

म्हणून भाच्याला मी सांगितले की पैसे 'इन रेनबोज'वर खर्च कर, 'ओके कंप्युटर' फोनवर, चांगल्या हेडफोनने, पुण्याच्या रात्रीच्या गाडीत ऐक, आणि 'किड ए'ला या दोन्हींची चटक लागल्यावर, घरात कोणी नसेल अशा एखाद्या पावसाळी संध्याकाळी हात लाव. माझा सर्वांत आवडता त्या तिघांतला 'किड ए'च आहे, हे मी त्याला मुद्दामच सांगितले नाही. फक्त रेकॉर्ड प्लेअरची सुई आजोबांच्या वेळची आहे आणि झिजलेली सुई नव्या तबकडीची खाच कायमची खराब करते, तेव्हा आधी सुई बदल, एवढे मात्र बजावून सांगितले. सुईचे पैसे मामाने द्यावेत, असे त्यावर त्याचे म्हणणे पडले.