हॉटेलसारखी ग्रेव्ही घरी: दरवेळी ताजी परतायची, करून ठेवायची की पाकीट आणायचं?

परवा भाचीचा फोन आला, मावशी मला हॉटेलसारखा पनीर बटर मसाला शिकायचाय पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये, कोण सांगतं एकदाच ग्रेव्ही करून फ्रीजरला टाक, कोण म्हणतं दरवेळी ताजा मसाला परत, आणि रूममेट म्हणते एवढा खटाटोप कशाला, पाकीट मिळतं की. तिच्याशी तासभर बोलले, तेच इथे लिहितेय. तिन्ही प्रकार मी वर्षानुवर्षं केलेत आणि माझं मत पक्कं आहे, पण तुमचं घर कसं आहे त्यावर उत्तर बदलू शकतं.

आधी हॉटेलात काय चालतं ते बघा. रात्री साडेआठला वीस टेबलं भरलेली असताना तिथे कोणी कांदा चिरायला बसत नाही. सकाळीच मोठाली पातेली तयार असतात. रेड ग्रेव्ही म्हणजे टोमॅटो, काजू, लोणी. व्हाइट ग्रेव्ही म्हणजे उकडलेला कांदा, काजू आणि मगज बी (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया). यलो म्हणजे कांदा, दही, हळद. शिवाय बारीक चिरलेल्या कांदा-टोमॅटोचा परतून परतून ब्राऊन झालेला चॉप मसाला. ऑर्डर आली की यातल्या दोन-तीन पळ्या एकत्र, वर बटर, क्रीम, कसुरी मेथी. रेडमध्ये चॉप मसाला घातला की पनीर बटर मसाला, रेड आणि व्हाइट मिळून शाही पनीर, चॉप मसाल्यात भरड कुटलेले धणे आणि सुक्या मिरच्या गेल्या की कढई पनीर. मेन्यूकार्डवरचं व्हेज कोल्हापुरीसुद्धा बहुतेक ठिकाणी याच पातेल्यांतून येतं, फक्त तिखट वाढवलेलं, कोल्हापूरच्या घरातल्या रश्शाशी त्याचा फारसा संबंध नाही. म्हणजे ती चव येते मसाला दोनदा शिजल्यामुळे, एकदा सकाळी सावकाश आणि एकदा ऑर्डरच्या वेळी मोठ्या आचेवर. कुठलं गुपित मसाल्याचं पाकीट त्यात नसतं.

आता ताजा मसाला परतायचा प्रकार. चार माणसांना तीन मध्यम कांदे, तीन टोमॅटो, आलं-लसूण, आणि वेळ धरा 50 मिनिटं. यात शिकायची खरी गोष्ट एकच आहे, तेल सुटणं. रेसिपीत लिहितात "तेल सुटेपर्यंत परता" पण ते दिसतं कसं हे कोणी सांगत नाही. कांद्यात 85 टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते आहे तोवर कढईतला मसाला पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त तापतच नाही, म्हणजे तो शिजतो पण खरपूस होत नाही. तेव्हा नीट कान द्या, सुरुवातीला रटरट आवाज येतो, मोठे बुडबुडे फुटतात, अंगावर उडतात. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, चुरचुर यायला लागते, बुडबुडे लहान होतात, मसाला कढईच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागतो, उलथनं फिरवलं की मागे पडलेली रेघ तशीच राहते आणि त्या रेघेत तेल चमकतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आयुष्यभर विसरत नाही. बहुतेक जण याच्या दहा मिनिटं आधी पाणी ओततात आणि मग भाजीला कच्चट वास का येतो म्हणून मसाला वाढवत बसतात.

कांदाही बघून घ्या. साठवणीचा उन्हाळी कांदा लवकर ब्राऊन होतो, पावसाळ्यानंतर येणाऱ्या लाल कांद्यात पाणी जास्त, त्याला पाच-सात मिनिटं जास्त द्यावीच लागतात. आणि कच्चा कांदा मिक्सरला लावून मग परतू नका, कडवटपणा येतो. माझी पहिली व्हाइट ग्रेव्ही अशीच गेली, पाहुणे दारात आणि हातात अर्धा लिटर कडू पांढरं वाटण. तेव्हापासून कांदा आधी उकडते, ते पाणी टाकून देते, मगच वाटते.

दुसरा प्रकार, करून ठेवायची ग्रेव्ही. आपल्याला हे नवीन नाहीच, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून दोन दिवस पुरवायची पद्धत घराघरात होती. इथे फक्त खोबऱ्याच्या जागी काजू. माझं माप असं: 1 किलो पिकलेले लालबुंद टोमॅटो, 2 कांदे, 100 ग्रॅम काजू (महाग वाटत असतील तर निम्मे मगज बी), 10-12 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, बिया काढून गरम पाण्यात भिजवलेल्या 8 काश्मिरी मिरच्या, 4 वेलदोडे, दालचिनीचा तुकडा, कपभर पाणी, आणि कुकरला 2 शिट्ट्या. गार झालं की दालचिनी काढा, बाकीचं वाटून गाळणीतून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका, हॉटेलची ती गुळगुळीत ग्रेव्ही गाळण्यातूनच येते. मग तेल-बटरवर 20-25 मिनिटं मंद शिजवायचं, तळाला लागू द्यायचं नाही, काजू लगेच धरतात. साधारण चार डबे होतात, एक डबा म्हणजे चौघांची एक भाजी. सगळं मिळून दीड तास जातो, पण नंतर दरवेळी पंधरा मिनिटांत भाजी टेबलावर.

फ्रीजमध्ये ही तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये महिना-दीड महिना आरामात राहते. पूर्ण गार करून एकेका वेळेपुरती भरा, एकाच मोठ्या डब्यात भरलीत तर दरवेळी सगळी दगडासारखी काढावी लागेल, आणि एकदा वितळलेली परत गोठवू नका. क्रीम आणि दही आधी घालू नका, ती फुटतात, ती वाढायच्या वेळीच. दह्याची यलो ग्रेव्ही म्हणून मी कधीच साठवत नाही. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरच्या वर गेला होता तेव्हा आमच्याकडे मे महिन्यातले डबे होते, त्यामुळे टोमॅटो स्वस्त असतो तेव्हा हे करून टाकणं पैशाच्या दृष्टीनेही बरं पडतं.

(माझा दीर लंडनला असतो, त्याला तिथल्या करी हाउसची चव घरी हवी होती. तिथली बरीच हॉटेलं सिल्हेटकडच्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केलेली, त्यांची बेस ग्रेव्ही पातळ असते, भरपूर कांदा उकडून वाटलेली, आपल्या काजूवाल्या रेड ग्रेव्हीपेक्षा एकदम वेगळी. तिथे असाल तर वरचं माप उपयोगाचं नाही, तो प्रकार वेगळा शिकावा लागतो.)

पाकिटाबद्दल थोडक्यात. वेळ वाचतो, होस्टेलवर किंवा एकट्याच्या खोलीत मिक्सर नसेल तर दुसरा इलाजही नसतो. पण मीठ आणि आंबटपणा त्यांनी ठरवलेला असतो, तो तुमच्या हातात नाही, आणि पनीर असो की मशरूम, चव तीच. घ्यायचंच असेल तर अर्धंच पाकीट वापरा, एक कांदा स्वतः ब्राऊन करून त्यात घाला, वरून मीठ चाखल्याशिवाय टाकू नका. शिकायचं म्हणाल तर मात्र पाकिटाने हात वळत नाही, दहा पाकिटं संपली तरी तेल सुटणं कसं दिसतं हे कळणार नाही.

मग निवडायचं काय? महिन्यातून एखाद-दोन वेळाच अशी भाजी होत असेल तर ताजंच परता, फ्रीजर अडवायची गरज नाही. घरात मुलं दर शनिवारी पनीर मागतात, पाहुणे न सांगता येतात, दोघंही नोकरीवर, तर करून ठेवलेली ग्रेव्ही डोळे झाकून. चवीला विचाराल तर चिकन किंवा कढई पनीरला ताजा मसाला सरस, बटर मसाला, कोफ्ता, शाही पनीरला करून ठेवलेली सरस, तिथे गुळगुळीतपणाच हवा असतो. शिकायला सुरुवात करणाऱ्याने मात्र माझं ऐका, आधी एक महिना दर आठवड्याला ताजी परता. चार वेळा तेल सुटताना बघितलंत की मग साठवायची ग्रेव्ही कधी झाली हे तुम्हालाच कळेल, नाहीतर कच्चट ग्रेव्हीचे चार डबे भरून ठेवाल आणि चारही वेळा तीच निराशा.

शेवटचा हात दोन्हीकडे सारखाच. कढईत चमचाभर बटर आणि तेल मध्यम गरम, गॅस बारीक, अर्धा चमचा काश्मिरी मिरचीची पूड, लगेच दोन चमचे ग्रेव्ही. तो लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, पण पाच-सात सेकंद जास्त झाले तर करपून तपकिरी होतो. मग उरलेली ग्रेव्ही, गरम पाणी (गार नको), आणि घरातल्या मोठ्या बर्नरवर फुल आचेवर दोन मिनिटं. मोठ्या आचेच्या हौसेने काही जण घरी हाय प्रेशर रेग्युलेटर लावतात, ते अजिबात करू नका, घरची शेगडी त्यासाठी बनलेली नाही. कसुरी मेथी तव्यावर नुसती गरम करून तळहातावर चुरायची, चिमूटभर साखर, गॅस बंद केल्यावर क्रीम. पनीर आधी दहा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचं आणि अगदी शेवटी सोडायचं, उकळत राहिलं की रबर होतं. भाचीला या रविवारसाठी दोन किलो उन्हाळी कांदा आणून ठेवायला सांगितलाय, पहिल्यांदा परतताना मी व्हिडिओ कॉलवर असणार आहे.